कशासाठी? आणि कोणाला विचारून?



हे वाचत असताना आपल्या अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेतून दर सेकंदाला सूर्याकडून आलेले सुमारे ६,५०० कोटी न्यूट्रिनो आरपार जात आहेत. आपल्याला त्याचा पत्ताही नाही. १९३० साली वोल्फगांग पाऊली यांनी हा कण केवळ तर्काने मांडला. तो प्रत्यक्ष सापडायला १९५६ साल उजाडले. वातावरणात तयार होणारे न्यूट्रिनो १९६५ साली प्रथम आढळले ते दोन खोल खाणींत. त्यांतली एक आपल्या देशातील कोलारची सोन्याची खाण. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ त्या कामात होते. अवकाशातून येणारे इतर किरण वरचा खडक अडवतो, म्हणून हा शोध जमिनीखाली घ्यावा लागतो.

याचा उपयोग काय, असे आपण सहज विचारतो. १९६९ साली अमेरिकेत रॉबर्ट विल्सन यांना कणभौतिकीच्या महागड्या यंत्राबद्दल हेच विचारले गेले. देशाच्या संरक्षणाशी त्याचा थेट संबंध नाही, पण देश राखण्याजोगा होण्याशी आहे, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले. आम्हांला ते पटते. भुकेल्याला आधी भाकरी हवी हे खरेच. पण गरिबाच्या मुलालाही आकाशाचे कुतूहल असतेच.

मात्र एवढ्याने प्रश्न संपत नाही. तामिळनाडूतील तेनी जिल्ह्यात डोंगराखाली न्यूट्रिनो वेधशाळा उभारण्यास केंद्र सरकारने २०१५ साली मंजुरी दिली. खर्च सुमारे १,५०० कोटी रुपये. लोकांना पाण्याची, जंगलाची, सुरुंगांची धास्ती वाटली. २०२२ साली राज्य सरकारनेही सर्वोच्च न्यायालयात विरोध नोंदवला.

न्यूट्रिनोपासून अपाय नाही, हे शास्त्रज्ञांचे म्हणणे खरे आहे. विरोध करतानाही खोटी भीती पसरवू नये. सत्याचे बंधन दोघांनाही आहे. पण कण निरुपद्रवी असला म्हणून बोगदा निरुपद्रवी ठरत नाही. ‘कशासाठी?’ या प्रश्नाचे उत्तर कितीही उदात्त असले, तरी ‘कोणाला विचारून?’ हा प्रश्न वेगळा उरतोच. ज्ञान सर्वांचे असते, डोंगराचे पाणी मात्र पायथ्याच्या गावाचे असते.

आज जपान आणि अमेरिकेत याहून मोठ्या न्यूट्रिनो वेधशाळांचे काम चालू आहे. पुढची यंत्रे आणखी मोठी, आणखी महाग असतील. म्हणून आपण दोन्ही प्रश्न विचारायला शिकू या. पहिलाच विचारला तर आपण कोते ठरू. दुसरा विसरलो तर निष्ठुर.