एकट्या इलेक्ट्रॉनची साक्ष

भौतिकशास्त्राच्या प्रात्यक्षिकात डीपीपीएच या रसायनाच्या गडद भुकटीभोवतीचे चुंबकीय क्षेत्र बदलत नेले की ऑसिलोस्कोपवर एक खळगा उमटतो. त्यावरून इलेक्ट्रॉनचा जी-घटक, म्हणजे त्याच्या चुंबकत्वाचे एक माप, काढायचा. तो २ च्या किंचित वर येतो. निकाल चोख, पण साक्ष गर्दीची. मिलिग्रॅमभर भुकटीत १ वर १८ शून्यांहून अधिक स्पिन, म्हणजे इलेक्ट्रॉनांची इवली अंगभूत चुंबके, एकदम बोलत असतात. त्यातला एकटा काय म्हणतो, हे त्या खळग्यातून कळत नाही.

एकट्याचे चुंबकत्व फारच क्षीण. २००४ साली आयबीएमच्या डॅनियल रुगर यांच्या गटाने सिलिकॉनच्या अतिसूक्ष्म पट्टीवर चुंबकाचा कण बसवून एका स्पिनचे बल टिपले खरे, पण एकेका बिंदूसाठी तासन्‌तास सरासरी काढावी लागली. त्याच वर्षी नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या संशोधकांनी वेगळी वाट धरली. त्यांनी स्पिन मोजलाच नाही, विद्युतभार मोजला. अर्धवाहकाच्या इवल्या कप्प्यात एक इलेक्ट्रॉन कोंडला आणि १० टेस्लाच्या चुंबकीय क्षेत्रात स्पिनच्या दोन दिशांच्या ऊर्जा वेगळ्या केल्या. जास्त ऊर्जेच्या दिशेचा इलेक्ट्रॉन कप्प्याबाहेर निसटतो, दुसरा आतच राहतो. तो गेला की शेजारच्या वाटेतला विद्युतप्रवाह बदलतो. मला यातली खरी बुद्धिमत्ता इथे दिसते: जे ऐकू येत नाही त्याची गाठ ऐकू येणाऱ्या गोष्टीशी मारायची.

पण त्यासाठी निरपेक्ष शून्याच्या जवळची थंडी लागते. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जाणाऱ्या, चंद्रपूर जिल्ह्यातल्या वरोऱ्यात असे यंत्र कोण बसवणार? म्हणून मला हिऱ्याची पद्धत मोलाची वाटते. हिऱ्यात एका कार्बनच्या जागी नायट्रोजन आणि लगतची जागा रिकामी असेल, तर हिरव्या प्रकाशात ते केंद्र लाल चमकते आणि ती चमक स्पिनच्या स्थितीनुसार कमी-जास्त होते. हे सारे खोलीच्या तापमानाला घडते. १९९७ साली असे एकेक केंद्र वेगळे वाचता आले. आज पवईच्या आयआयटीत कस्तुरी साहा यांचा गट याच केंद्रांवर काम करतो. राष्ट्रीय क्वांटम मिशनने संवेदन आणि मापनाचे संशोधन केंद्रही तिथेच दिले आहे.

एकट्या केंद्रासाठी महागडा सूक्ष्मदर्शक हवाच. पण अनेक केंद्रे असलेला हिऱ्याचा तुकडा, हिरवा लेसर, सूक्ष्मलहरींचा स्रोत आणि प्रकाश मोजणारा डायोड एवढ्यावर हीच चमक बदलताना पाहता येते. वरोऱ्यासारख्या गावांतल्या, गोंडवाना विद्यापीठाच्या महाविद्यालयांत हा प्रयोग यायला हवा. मोजमापाची पद्धत किती अचूक, हे आपण नेहमी विचारतो. ती किती जणांच्या हाती येते, हाही विज्ञानाचाच प्रश्न आहे, कारण निसर्गाला प्रश्न विचारणारे वाढले की प्रश्नही वाढतात.