विजेची वाट पाहताना

आश्विनातली संध्याकाळ होती. दिवसभर ऑक्टोबरची काहिली, आणि दिवेलागणीला पूर्वेकडे, खाडीपलीकडे, ढगांची उतरंड रचली गेली होती. आमच्या दादरच्या घराच्या गॅलरीत भाच्याने तिपाईवर कॅमेरा चढवला आणि म्हणाला, "मामा, घरातला दिवा मालवा."

वीज दिसली की कळ दाबायची, अशी माझी भाबडी समजूत. "दिसली म्हणजे संपली," तो हसला. कॅमेऱ्याचा डोळा वीस-वीस सेकंद उघडा ठेवायचा आणि वाट पाहायची. वीज आपले चित्र आपणच उमटवते. माणसाच्या वाट्याला नुसते ताटकळणे. मला हा प्रकार मोठा आवडला. फिलाडेल्फियाच्या विल्यम जेनिंग्जने १८८२ साली असेच एक छायाचित्र मिळवले, आणि चित्रकार रंगवीत आलेली करवतीच्या दात्यांची वीज खोटी ठरली. खरी वीज नदीसारखी असते, फाटे फुटलेली.

दोन-तीन चौकटी कोऱ्याच गेल्या. मग एक लोळ उतरला, तो नेमका चौकटीबाहेर. मी हळहळलो, आणि मनात अगदी स्पष्ट शब्द उमटले : आता एक इकडे, मधोमध पडू दे!

मी चपापलो. पडू दे, पण कुठे? त्या दिशेला पनवेल-कर्जतची भातखाचरे, आणि दिवस कापणीचे. सरकारी नोंदीप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशात वीज पडून २,८८७ माणसे दगावली. त्यांत शेतात राबणारी, झाडाच्या आडोशाला गेलेली पुष्कळ.

माझ्या इच्छेने वीज पडत नाही, हे मला कळते. नीतीचा हिशेब कृतीचा, मनातल्या लहरीचा नव्हे, असे म्हणून सुटताही येईल. शिवाय माझा कुणाशी दावा नव्हता. मला फक्त शोभा हवी होती. पण बोचते ते हेच. वैऱ्याला निदान ज्याचे वाईट चिंतायचे तो माणूस डोळ्यांपुढे दिसत असतो. मला त्या ढगांखाली कुणी दिसतच नव्हते.

कांटने १७९० सालच्या ग्रंथात भव्यतेची मीमांसा करताना मेघगर्जना आणि विजा यांचेही उदाहरण घेतले, आणि पाहणारा सुरक्षित असावा अशी अट घातली. अट बिनचूक आहे. पण ही सुरक्षितता कुणाच्या वाट्याला येते आणि कुणाच्या नाही? आमच्या इमारतीच्या माथ्यावर तडितरक्षक आहे, त्याची तांब्याची पट्टी जमिनीत उतरली आहे. तिच्या देखभालीचा वाटा मी भरतो, म्हणून मला वीज सुंदर दिसते. खाचरात भारा डोक्यावर घेऊन बांधाने पळणाऱ्या बाईला ती तशी कशी दिसावी?

मग पाहूच नये काय? तेही ढोंगच. मी डोळे मिटल्याने कुणी वाचत नाही. उलट विजेवर नजर ठेवूनच पुण्याच्या उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने 'दामिनी' हे मोबाइलवर इशारा देणारे साधन उभे केले. पण तेथे नजर ठेवायची ती खालच्या माणसासाठी. माझी तशी नव्हती, हे कबूल केले पाहिजे.

तेवढ्यात क्षितिज फाटले. भाचा सेकंद मोजू लागला. तीन सेकंदांना एक किलोमीटर. साठ झाले, सत्तर झाले. गडगडाट ऐकूच आला नाही. "फार लांब आहे, मामा," तो मला धीर देत म्हणाला.

चित्र मात्र सुरेख आले. लिहिताना ते माझ्या मेजावर आहे. वर लखलखता वृक्ष, खाली शहराचे दिवे आणि त्यांच्यापलीकडे काळी पट्टी. परवा पूर्वेकडे पुन्हा ढग जमले. भाच्याने हाक मारली, आणि मी दिवा मालवून गॅलरीत गेलो.