गृहसंमार्जन आणि परिग्रह



होळीची पौर्णिमा सरली की वऱ्हाड-मराठवाड्यातील घराघरांतून एकच लगबग सुरू होते. रब्बीचा गहू-हरभरा घरी यावयाचा असतो, म्हणून जुन्या कणग्या रित्या कराव्या लागतात. माळ्यावरचे सामान खाली येते, उतरंडी सुटतात, भिंतींवरून पांढऱ्या मातीचा हात फिरतो, वर्षभराच्या गोधड्या धुण्याला निघतात. पाडव्याची गुढी उभारण्यापूर्वी घर लख्ख झालेच पाहिजे, असा गृहिणींचा पणच असतो. शहरातल्या घरांत आता कणगी उरली नाही, मातीची भिंतही नाही. तरी त्या आठ दिवसांतली झाडलोट मात्र तशीच चालू आहे.

गेल्या वर्षी याच दिवसांत एक उपदेशी माउली आश्रमात आल्या. देवपूजेस दंडवत घालून बसल्या आणि थोड्या संकोचाने म्हणाल्या, "बाबा, घर झाडायला घेतले की जीव मरतात. कोळी, झुरळे, मुंग्या, धान्यातले किडे. न झाडावे तर घरात राहवत नाही. दरवर्षी केरसुणी हातात घेताना मन कचरते. आम्ही संसारी माणसांनी करावे तरी काय?"

नेहमीचे उत्तर माझ्या जिभेवर आलेच होते. गृहस्थाश्रमात इतके चालायचेच, घडेल त्याबद्दल अनुताप करावा, स्मरण करावे. हे उत्तर खोटे नाही. परंतु ते दिले की विचारणारा उठून जातो आणि केरसुणी पूर्वीसारखीच फिरू लागते. म्हणून मी त्यांना उलट विचारले, "माळा शेवटचा कधी झाडला होता?" त्या म्हणाल्या, "मागच्या पाडव्याला."

आता येथे थोडे थांबून पाहू. श्रीचक्रधर स्वामींनी आपल्या भक्तजनांस अहिंसेचा जो आचार लावून दिला, त्यात मुंगीसारख्या क्षुद्र जिवाचीही गणना आहे, हे सूत्रपाठाच्या प्रत्येक अभ्यासकास ठाऊक आहे. लीळाचरित्रातील सशाची लीळा तर लहान मुलेही सांगतात. पारध्यांनी पाठलाग केलेला ससा स्वामींच्या जानूखाली येऊन लपला, पारधी त्याला मागू लागले आणि स्वामींनी त्याला दिले नाही. ही लीळा आपण कारुण्याची म्हणून सांगतो, आणि ती कारुण्याची आहेच. पण तिच्यात आणखी एक गोष्ट आहे: ससा आश्रयाला आला होता. आश्रयाला आलेल्याला मारणाऱ्याच्या हाती द्यावयाचे नाही, हा त्या लीळेचा कणा आहे.

मग आपल्या माळ्यावरच्या जिवांचे काय? ते तेथे कसे आले? फुटके सूप, पाय मोडलेला पाट, मुलाच्या लग्नातली कागदी खोकी, नव्या दूरदर्शन संचाबरोबर आलेले वेष्टण, केव्हातरी उपयोगी पडेल म्हणून ठेवलेल्या गोण्या. वर्षभर त्या कोपऱ्यात हात गेला नाही, उजेड गेला नाही. पाल, कोळी, झुरळ यांना याहून चांगला निवारा कोणता? तो निवारा त्यांना आपणच दिला. बारा महिने आश्रय द्यावयाचा आणि तेराव्या महिन्यात औषधाची फवारणी करून सगळे कुळच नष्ट करावयाचे. मारते ती केरसुणी, असे आपण समजतो. परंतु त्या हिंसेचे बी आपण परिग्रह केला त्या दिवशीच पेरले गेलेले असते. ज्या वस्तूची आपल्याला गरज नव्हती ती घरात ठेवली, तेव्हाच.

म्हणून मोठी वार्षिक झाडलोट ही मला फारशी कौतुकाची गोष्ट वाटत नाही. नित्य सडासंमार्जन ज्या घरात होते, तेथे जीव वस्तीच करीत नाहीत. एखादा आला तर हलक्या हाताने, सुपलीत घेऊन बाहेर सोडता येतो. एका जिवाला वाट देणे सोपे असते. शंभरांना वाट देण्याइतका धीर पाडव्याच्या आदल्या दिवशी कोणाजवळ असतो? धान्याचेही तसेच. किडलेला गहू ऐन दुपारी तापलेल्या गच्चीवर ओतला तर किडे होरपळतात. तोच सकाळच्या कोवळ्या उन्हात पातळ पसरावा आणि एका कडेला सावली राहू द्यावी. त्यातले पुष्कळ किडे आपणहून सावलीकडे चालू लागतात. चाळण झाडाखाली नेऊन टाकावी. भरतेवेळी धान्य पुरते वाळलेले असले आणि मधून मधून कडुनिंबाचा वाळलेला पाला घातला, तर पुढच्या वर्षी हा प्रसंग क्वचितच येतो. आमच्या आजीला हे ठाऊक होते. तिने ते धर्म म्हणून केले की सवय म्हणून, हे मी तिला कधी विचारले नाही.

हे सारे गृहस्थांनाच सांगून मोकळे व्हावे, असे मात्र नाही. भिक्षूला झोळी, वस्त्र आणि पोथी यांपलीकडे काय लागते? तरीही आमच्या भांडारघरांत दात्यांनी दिलेल्या पोलादी पेल्यांच्या आणि पितळी तपेल्यांच्या राशी पाहाव्यात. अटनाचा आचार सांगणाऱ्यांच्या खोल्यांना कुलपे किती आहेत, हेही मोजावे. असो.

यावर कोणी म्हणेल, तर मग जुने ते सगळे टाकून द्यावे. येथे मला माझाच एक अपराध सांगितला पाहिजे. विद्यार्थिदशेत असताना फाल्गुनातल्या झाडलोटीत पोथ्यांचे कपाट माझ्याकडे आले. ऊन दिले की कसर जाते, एवढेच ऐकले होते. भर दुपारी पटांगणात तीन बासने सोडली आणि पाने पसरून पाणी प्यायला आत गेलो. तेवढ्यात वावटळ उठली. दोन पोथ्या एकाच मापाच्या कागदावर, एकाच हातच्या, सकळ लिपीतल्या. मी ती लिपी तेव्हा अडखळत वाचत असे. त्यातून एकीच्या समासातले पानांचे अंक कसरीने खाल्लेले. एका पानाची शेवटची ओळ दुसऱ्याच्या पहिल्या ओळीशी जुळते का, असे पाहत ती पोथी लावायला मला दीड महिना लागला. सात पाने मिळालीच नाहीत. गुरुवर्य रागावले नाहीत. "पाने सोडण्यापूर्वी वारा पाहिला होता का?" एवढेच त्यांनी विचारले.

म्हाइंभटांनी शके १२०० च्या सुमारास लीळा मिळविल्या त्या दारोदार जाऊन, ज्याने पाहिले त्याला विचारून. पुढे धाडीत मूळ पोथ्या गेल्या आणि हिराइसांसारख्यांच्या स्मरणातून ग्रंथ पुन्हा उभा राहिला, असे परंपरा सांगते. पाठ जुळेनात तेव्हा आपल्या पूर्वजांनी एक ठेवून दुसरा टाकला नाही. 'वासना' म्हणून तो तेथेच नोंदवून ठेवला. डॉ. वि. भि. कोलते यांची लीळाचरित्राची आवृत्ती १९७८ मध्ये निघाली तीही कोणीतरी बासने सांभाळली म्हणूनच. ज्यांनी वस्त्रांचा आणि पात्रांचा संग्रह वर्ज्य मानला, त्यांनीच एक पाठभेदही टाकला नाही. परिग्रह आणि जतन यांतला भेद त्यांना कळत होता. आपल्या घरांत नेमके उलटे घडते: मोडका पाट राहतो आणि आजोबांचे तांबडे बासन, कोणाला वाचता येत नाही म्हणून, रद्दीच्या गाडीवर जाते.

तेव्हा त्या माउलींना मी इतकेच सुचविले की, या वर्षी माळा एका दिवसात झाडू नका. रोज एक हात जागा घ्या, खाली आलेली प्रत्येक वस्तू उजेडात धरून पाहा. बासन सापडले तर उन्हात सोडू नका. सावलीत, वारा पडलेला असताना, पाटावर उघडा, पाने क्रमाने उलटी ठेवीत जा. वेखंडाची पुरचुंडी शेजारी ठेवा, कपाटाला हवा लागू द्या.

आषाढात त्या पुन्हा आल्या. माळ्यावरून मोडके सामान गेले होते आणि सासऱ्यांच्या पेटीच्या तळाशी खरोखरच एक लहानसे बासन निघाले होते. आम्ही दोघा-तिघांनी ते सावलीत सोडले. सूत्रांवरील भाष्याची पोथी आहे. शाई अजून काळीभोर आहे, कडा तेवढ्या कुरतडलेल्या. तेराव्या पानानंतर एकदम पंधरावे आले. आम्ही पुन्हा मोजले. त्या उठल्या, दंडवत घातला आणि म्हणाल्या, "पेटीच्या तळाला अंथरलेला कागद मी पाहिलाच नाही, बाबा." आणि दुपारच्या गाडीने गावी परतल्या.