आप्पांची बाजू

आप्पांची १९६८ सालची महिंद्रा एफसी-१५० पिकअप पुढचं सस्पेन्शन करायला मी उद्यमनगरात टाकली. जरा वेग घेतला की स्टिअरिंग हिवताप भरल्यासारखं थरथरायचं. या गाडीत ड्रायव्हर थेट पुढच्या चाकावरच बसतो आणि आप्पा भरल्या अंगाचे. ३० वर्षांत त्यांच्या बाजूचे पाटे पार बसले होते.

"बुश, शॅकल, किंगपिन, समदं गेलंय," मेस्त्री म्हणाले. "आन् पाटे दोन्हीकडचे बदलायचे. एकाच अंगाचे घातले तर गाडी तिरकी उभी ऱ्हाईल."

"मग जुनं काय राहिलं?"

"नंबरप्लेट की!"

अथेन्सवाले थीसिअसच्या जहाजाची कुजकी फळी काढून नवी ठोकत गेले, आणि जहाज तेच की दुसरं यावर तत्त्वज्ञ भांडत बसले, असं प्लुटार्कने लिहून ठेवलंय. त्यांच्याकडे उद्यमनगर नव्हतं. इथे मेस्त्री म्हणतील ते ओरिजिनल.

गाडी दारात आणली. अगदी सरळ, ताठ. आई पायरीवर येऊन बघत राहिली.

"ह्यांच्या बाजूला कलत नाही रे आता."

दुरुस्ती म्हणजे दोष काढणं, अशी माझी समजूत. पण काढला तो दोष की आप्पा? बिल चांगलं दोन पानी होतं, त्यात काही हे लिहिलेलं नव्हतं.

सकाळी उद्यमनगर गाठलं. भंगार तराजूवर चढलेलं.

"त्यातला मेन पाटा पाहिजे."

"बसलेला? काय करताय त्याचं?"

"आईला दाखवतो."

मेस्त्रींनी तराजू थांबवला, पाटा रॉकेलनं पुसला आणि 'पुढारी'त गुंडाळून दिला.