क्षितिज सरळ करणारा कॅमेरा

तळहातावर मावणारा आणि लाटेखाली गेला तरी चालत राहणारा कॅमेरा मुळात शिडाच्या बोटीसाठी बनलाच नव्हता. निक वुडमन या अमेरिकन तरुणाला लाटेवर स्वार झालेल्या सर्फरची जवळून घेतलेली छायाचित्रं हवी होती. त्या गरजेतून 2002 मध्ये गोप्रो ही कंपनी निघाली आणि 2004 मध्ये तिचा पहिला कॅमेरा बाजारात आला. तो मनगटाला बांधायचा होता आणि 35 मिलिमीटर फिल्मवर चालायचा. पुढे फिल्म जाऊन व्हिडिओ आला, इतर कंपन्याही उतरल्या, आणि आज मुंबईहून मांडव्याला जाणाऱ्या हौशी बोटीपासून दक्षिण महासागरातल्या शर्यतीपर्यंत जिथे शीड तिथे असा कॅमेरा दिसतो. त्याचा हा जन्म मला महत्त्वाचा वाटतो. सर्फिंगमध्ये सगळा खेळ काही सेकंदांचा असतो आणि कौशल्य उघड्यावर असतं. लाट, फळी आणि माणसाचा तोल एकाच चौकटीत मावतात. शिडाच्या प्रवासात कौशल्य बहुतेक वेळा जे घडू दिलं नाही त्यात असतं. सर्फिंगची नजर घेऊन आलेला हा कॅमेरा शिडाच्या प्रवासातली चूक ठळक करतो आणि शहाणपण गाळतो, असं माझं म्हणणं आहे. हा प्रश्न निव्वळ अभिरुचीचा नाही. समुद्रावर नव्याने येणारा माणूस आज आपले पहिले धडे अशाच चित्रफितींतून घेतो.

शीड आखडण्याचंच उदाहरण घेऊ. वारा वाढणार असं वाटताच मोठ्या शिडाचा एक पट्टा खाली बांधून टाकायचा, ही जगभरच्या दर्यावर्दींची शिकवण आहे. आखडावं की नाही असा विचार मनात आला म्हणजे वेळ झालीच, असं ते सांगतात. ज्याने हे वेळेत केलं त्याची बोट पुढचे काही तास थोडी संथ, बरीच सरळ आणि कोरडी चालते. त्या तासांच्या चित्रणात पाहण्यासारखं काहीच नसतं. ज्याने उशीर केला त्याची बोट मात्र कडेपर्यंत कलते, शीड फडफडतं, कुणीतरी डोलकाठीशी गुडघ्यांवर बसून दोरांशी झटापट करतं, आणि ही दोन मिनिटं हजारो लोक पाहतात. दोघांपैकी नीट काम कुणी केलं हे अनुभवी डोळ्याला कळतं. नवख्याला मात्र असं वाटतं की शिडाचा प्रवास म्हणजे हीच झटापट आणि धैर्य म्हणजे त्या झटापटीत टिकणं. चित्रण करणाऱ्याने खोटं काहीच दाखवलेलं नसतं. खरं तेच दाखवलेलं असतं, फक्त निवड अशी झालेली असते की उशिराचं रूपांतर शौर्यात होतं.

कॅमेऱ्याची घडणही या निवडीला हातभार लावते. भिंग फार रुंद कोनाचं असल्यामुळे जवळची वस्तू मोठी आणि लांबची लहान दिसते. बोटीवरच्या माणसाचा हात चौकट भरून टाकतो आणि त्याच्यामागची दोन मीटरची लाट एखाद्या वळकटीएवढी उरते. कॅमेरा काठीवर उंच धरला की लाटेची उंची आणखी हरवते. लाटेची उंची अजमावण्याची जुनी रीत अशी: बोट दोन लाटांमधल्या खोलगटात असताना उभं राहायचं आणि समोरचा माथा क्षितिजाला टेकलेला दिसेल अशा उंचीवर डोळा न्यायचा, पाण्यापासून डोळ्यापर्यंतचं अंतर म्हणजे लाटेची उंची. म्हणजे लाट डोळ्यावरून मोजली जाते. डोळा लाटेच्या वर नेला की मापच मोडलं. त्यात 2018 पासून चित्र स्थिर करणाऱ्या प्रणाली फार सुधारल्या आणि नंतर क्षितिज कायम आडवं ठेवण्याची सोय आली. प्रेक्षकाला ती सुखाची वाटते, पण ती किनाऱ्यावर उभ्या असलेल्या माणसाची नजर आहे. बोटीवर माणूस, भांडी, सुकाणू, सगळं एकत्र कलतं; कललोय हे सांगणारी एकच गोष्ट म्हणजे तिरकं झालेलं क्षितिज. कॅमेरा नेमकं तेच सरळ करून देतो. आवाजाचंही तसंच होतं. दोरांतून घुमणाऱ्या वाऱ्याची पट्टी वर चढली की अनुभवी माणूस आकाशाकडे न पाहताही सावध होतो. कॅमेऱ्यातली प्रणाली त्या आवाजाला गोंगाट समजून पुसते.

वारा तर चित्रात येतच नाही. आपल्या किनाऱ्यावर दुपारनंतर वायव्येचा वारा भरतो. तो 15 नॉटचा आहे आणि बोट त्याला पाठीवर घेऊन 6 नॉटने आग्नेयेकडे चालली आहे असं धरू. बोटीवर जाणवणारा वारा फक्त 9 नॉटचा असतो. ऊन सुखाचं लागतं, बोलणं ऐकू येतं. तीच बोट परतीला वाऱ्यावर चढू लागली आणि 5 नॉटने चालली, तरी अंगावर येणारा वारा जवळजवळ 19 नॉटचा होतो. शिडावरचा दाब वाऱ्याच्या वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो, म्हणजे तो चौपटीहून जास्त झाला. समुद्र तोच, तास तोच, पण जातानाचं दृश्य पाहून परतीचा अंदाज बांधणारा माणूस फसतो. फ्रान्सिस बोफर्टने 1805 च्या सुमारास वाऱ्याची जी श्रेणी मांडली तिच्यात वेगाचे आकडे नव्हतेच. अमुक वाऱ्यात जहाजाला किती शिडं पेलतात यावर ती उभी होती. समुद्राच्या रूपाची वर्णनं आणि वेगाचे आकडे तिला पुढच्या काळात जोडले गेले. त्या श्रेणीत दृश्य, आकडा आणि निर्णय अशा तिन्ही गोष्टी आता एकमेकींना बांधलेल्या आहेत. आजच्या चित्रफितीत त्यांपैकी एकच सुटी होऊन फिरते.

दृश्य एकटं सोडलं की काय होतं याचं सर्वांत करुण उदाहरण 1968-69 च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत आहे. एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करायची ही पहिली शर्यत. डोनाल्ड क्रोहर्स्ट हा इंग्रज 31 ऑक्टोबर 1968 रोजी, मुदतीच्या अगदी शेवटच्या दिवशी, ‘टीनमथ इलेक्ट्रॉन’ या तीन सांगाड्यांच्या बोटीतून निघाला. बीबीसीने त्याला 16 मिलिमीटरचा कॅमेरा आणि ध्वनिमुद्रक दिला होता. बोट दक्षिण महासागरात टिकणार नाही हे कळल्यावर तो अटलांटिकमध्येच फिरत राहिला आणि रेडिओवरून खोटी ठिकाणं कळवत राहिला. 10 जुलै 1969 रोजी ती बोट रिकामी सापडली. तिच्यावरच्या चित्रफितींत आत्मविश्वासाने बोलणारा दर्यावर्दी दिसतो. केवळ त्या हाती आल्या असत्या तर कोणाला संशय येण्याचं कारण नव्हतं. सत्य बाहेर आलं ते नोंदवह्यांमधून. निकोलस टोमलिन आणि रॉन हॉल या पत्रकारांनी पुढे त्या पानांवरून सगळा प्रवास आणि एका माणसाचं मन कसं खचत गेलं ते उलगडलं. त्याच शर्यतीत रॉबिन नॉक्स-जॉन्स्टनची ‘सुहैली’ होती, मुंबईत सागवानात बांधलेली 32 फुटी बोट. तिचा रेडिओ वाटेत बंद पडला, कित्येक महिने तिचा पत्ता नव्हता, आणि 312 दिवसांनी ती फाल्मथला परतली. शर्यत पूर्ण करणारी ती एकमेव बोट.

यावर कोणी म्हणेल की नोंदवहीसुद्धा खोटी लिहिता येते. क्रोहर्स्टही खोट्या ठिकाणांची गणितं मांडतच होता. आक्षेप खरा आहे आणि त्याचं उत्तर त्या गणितांतच आहे. नोंदवही सलग असते. दर काही तासांनी वेळ, दिशा, वेग, वायुभार, वारा, शीड असे रकाने भरायचे असतात आणि प्रत्येक ओळ आधीच्या ओळीशी जुळावी लागते. जिथे आपण नाहीच तिथल्या सूर्याची उंची उलट मोजून काढणं हे खरं निरीक्षण करण्यापेक्षा कितीतरी अवघड काम आहे. परीक्षकांच्या मंडळाचे अध्यक्ष सर फ्रान्सिस चिचेस्टर यांना क्रोहर्स्टच्या दाव्यांचा संशय आला होता तो असाच, न जुळणाऱ्या वेगांवरून. चित्रफितीला अशी शिस्त नाही. बटण दाबलं तेवढाच काळ ती असते आणि दोन तुकड्यांमधल्या पोकळीबद्दल तिला कोणी जाब विचारत नाही.

दुसरा आक्षेप याहून वजनदार आहे आणि तो मी मोकळेपणाने मान्य करतो. या कॅमेऱ्यांनी समुद्र सामान्यांच्या घरात आणला. पूर्वी बोटीवरचं चित्रण म्हणजे मोठ्या संस्थेचं पाठबळ आणि जड यंत्र. आज जोडप्याच्या जुन्या बोटीवरही ते होतं, आणि ज्या मुलीने कधी शीड पाहिलं नाही तिला हे आपणही करू शकतो असं वाटतं. शिवाय कॅमेरा साक्ष देतो. 29 नोव्हेंबर 2014 च्या रात्री व्होल्वो शर्यतीतली ‘टीम वेस्टास विंड’ मॉरिशसच्या ईशान्येकडच्या कारगाडोस काराजोस प्रवाळांवर आदळली. बोटीवर बसवलेल्या कॅमेऱ्यांत तो क्षण आहे: अंधार, धक्का, ओरडा. नऊही जण वाचले. 18 डिसेंबर 2024 रोजी मुंबईहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ बोटीवर नौदलाची वेगवान नौका आदळली, तेव्हा एका प्रवाशाच्या फोनने ती नौका वळणं घेत जवळ येताना टिपली आणि ते दृश्य देशाने पाहिलं. तिथे कोणी पुरावा गोळा करायला बसलं नव्हतं, तरी तो मिळाला. याचं मोल कमी लेखणं चूक ठरेल.

पण याच दोन घटना नीट पाहिल्या की साक्षीची हद्द कळते. ‘वेस्टास’च्या चित्रणात आपटणं दिसतं, कारण दिसत नाही. स्वतंत्र चौकशीत कळलं की इलेक्ट्रॉनिक नकाशा पुरेसा मोठा करून पाहिला गेला नव्हता, त्यामुळे प्रवाळांची पट्टी धोक्यासारखी दिसलीच नाही. ती चूक काही तास आधी, शांतपणे, नकाशाच्या टेबलाशी झाली होती. मुंबईच्या घटनेतही नौका कशी आली ते फोनने सांगितलं. इंजिनाची चाचणी चालू असताना त्यात बिघाड होऊन ताबा सुटला, हे नौदलाच्या निवेदनातून समजलं. 2018 च्या गोल्डन ग्लोब शर्यतीतलं भारतीय दर्यावर्दी अभिलाष टॉमी यांचं उदाहरण तर आपल्या आणखी जवळचं. त्यांची ‘थुरिया’ ही ‘सुहैली’च्या नमुन्यावर गोव्यात बांधलेली बोट होती. 21 सप्टेंबरला हिंदी महासागराच्या दक्षिण भागात वादळाने ती उलटवली, डोलकाठ्या मोडल्या. नौदलाच्या विमानाने मोडक्या डोलकाठ्यांची बोट पाहिली; पण आत पडलेला माणूस हलू शकत नाही, पाठीला जबर मार आहे, हे त्यांनी स्वतः पाठवलेल्या मोजक्या शब्दांतून कळलं. बचाव कसा करायचा हे त्या शब्दांनी ठरवलं. 24 सप्टेंबरला फ्रेंच जहाज ‘ओसिरिस’ने त्यांना उचललं.

लक्षाचाही प्रश्न आहे. समुद्रावरच्या टक्कर टाळण्याच्या आंतरराष्ट्रीय नियमांतला पाचवा नियम सांगतो की प्रत्येक नौकेने डोळ्यांनी आणि कानांनी सतत पहारा ठेवला पाहिजे. चित्रण करणाऱ्याचं लक्ष मात्र चौकटीत अडकतं. मोठ्या शर्यतींनी यातून वाट काढली: प्रत्येक बोटीवर चित्रणासाठी वेगळा वार्ताहर दिला आणि बोट चालवण्याच्या कामात त्याने हात घालू नये असा नियम केला. ही दोन कामं एका माणसाची नव्हेत, ही त्यामागची समज. दोघांच्या छोट्या बोटीवर मात्र सुकाणू आणि कॅमेरा बहुधा एकाच हाती असतात, आणि वाऱ्याचा जोर वाढला की चित्रणाची इच्छाही नेमकी तेव्हाच वाढते.

म्हणून कॅमेरा हातातून काढून बोटीला द्यावा असं मला वाटतं. मागच्या कठड्यावर किंवा डोलकाठीच्या पायथ्याशी तो पक्का बसवावा, शीड आणि पाणी दोन्ही दिसतील असा. क्षितिज सरळ करण्याची सोय बंद ठेवावी, वाऱ्याचा आवाज पुसू देऊ नये, आणि रोमांचक क्षणांची वाट न पाहता अधूनमधून ठरलेल्या वेळी चालू करावा. अशा कंटाळवाण्या चित्रणातून शिकण्यासारखं फार निघतं: शिडाचं पोट किती खोल होतं, दोर केव्हा सैल हवा होता, आखडण्याचा निर्णय बोटीच्या कलण्याच्या किती आधी किंवा नंतर झाला. कॅमेऱ्याचं घड्याळ बोटीच्या घड्याळाशी जुळवून घ्यावं आणि चित्रणाची वेळ नोंदवहीत टिपावी, त्याच ओळीत वारा आणि शीड. हे सगळं आता यंत्रच करेल असं म्हणणाऱ्यांनी एक गोष्ट पाहावी. गोप्रोच्या 2023 च्या मुख्य मॉडेलमधून जीपीएस काढून टाकलं गेलं आणि 2024 च्या मॉडेलात ते परत आलं. कॅमेरा कुठे आहे हे कॅमेरा बनवणाऱ्यांना ठेवावं किंवा वगळावं असं वाटू शकतं. बोटीवरच्या माणसाला ते वगळता येत नाही. आणि जीपीएस असलं तरी ते ठिकाण सांगेल. त्या ठिकाणी शीड का आखडलं, किंवा का नाही आखडलं, हे ज्याने ठरवलं त्यालाच लिहावं लागेल, आणि तेही त्याच दिवशी, चित्रण पाहून आठवण बदलण्याच्या आधी.