बहिणीसाठी कोश

कलबुर्गी जिल्ह्यात, कागिणा नदीच्या काठी मालखेड नावाचे एक गाव आहे. पडक्या किल्ल्याचे बुरूज, जुनी जैन बस्ती आणि आसपास चुनखडीच्या खाणी. बाकी गाव चार गावांसारखेच. हेच राष्ट्रकूटांचे मान्यखेट, अमोघवर्षाची राजधानी. ज्या घराण्याने वेरूळचे कैलास लेणे कोरविले, त्यांचे गाव आपल्याला परके कसे म्हणावे?

इ. स. 972 मध्ये माळव्याच्या सीयक परमाराने ते लुटले. ही हकीकत मला भेटली ती मोठ्या विलक्षण ठिकाणी. धनपाल नावाच्या कवीने धारानगरीत आपल्या धाकट्या बहिणीसाठी, सुंदरीसाठी, प्राकृत शब्दांचा कोश रचला : 'पाइयलच्छी'. (याहून गोड भाऊबीज मला तरी ठाऊक नाही. साड्या विरतात.) अखेरीस तो रचनेचा काळ सांगतो : विक्रम संवत 1029, माळव्याच्या राजाच्या धाडीत मान्यखेट लुटले गेले तेव्हा.

या ओळीशी मी दरवेळी अडतो. तीत हर्ष नाही, खेदही नाही. तिथी सांगावी तशी लूट सांगितली आहे. आणि त्याच मान्यखेटात पुष्पदंत राहत होता, अपभ्रंशात महापुराण रचणारा. त्याच्या पोथ्यांतल्या एका श्लोकात, नगर जळाले, आता या कवीने राहावे कोठे, असा आक्रोश आहे. एकाचे घर गेले, ते दुसऱ्याच्या ग्रंथात कालगणनेच्या कामी आले!

धनपालाला दोष द्यावा काय? धाड काही त्याने घातली नव्हती. आणि मान्यखेट तरी कोठे निर्दोष होते? इ. स. 916 च्या सुमारास तिसऱ्या इंद्राने कनौज उद्ध्वस्त केले. राष्ट्रकूटांच्या ताम्रपटात त्याची फुशारकी आहे. मग फिटंफाट झाली म्हणून गप्प बसावे? ते मला जमत नाही. राजांचा हिशेब राजांशी फिटला असेल. पण मान्यखेटच्या कोष्ट्याने कोणाचे काय बिघडविले होते? पराक्रमांच्या जमाखर्चात त्याचे खातेच नाही.

धनपालाने प्रायश्चित्त घ्यायला हवे होते, असे मी म्हणत नाही. 'लुटले' या शब्दाआधी एक 'हाय' त्याने लिहिला असता, तरी मला पुरे होते. शब्दांचाच तर कोश होता तो.

सुंदरी वाचता वाचता त्या ओळीपाशी आली असेल, तेव्हा काय झाले असेल? 'दादा, मग तिथली माणसं कुठं गेली?' असे तिने विचारले असेल का? धाकट्या बहिणी असले काहीतरी नेमके विचारतात.