आप्त कोण? डेरीच्या तटावरची साक्ष

दुसऱ्याच्या सांगण्यावरून होणारे ज्ञान हे खरोखर ज्ञान असते काय, आणि असेल तर सांगणाऱ्याच्या अंगी कोणते गुण असावे लागतात, हा प्रश्न भारतीय न्यायशास्त्राला जितका जुना आहे तितकाच युरोपीय तत्त्वज्ञानालाही परिचित आहे. मात्र ग्रंथांत त्याची चर्चा बहुधा नदीकाठच्या फळांसारख्या निरुपद्रवी उदाहरणांवर चालते, आणि सांगणारा स्वतः त्या हकिकतीत गुंतलेला असला म्हणजे काय करायचे हा त्यातला अवघड भाग बाजूला राहतो. आयर्लंड बेटाच्या वायव्येस फॉइल नदीच्या काठी वसलेले डेरी हे शहर या अवघड भागाच्या विचारासाठी फार सोयीचे आहे, कारण तेथे एखादे कुटुंब किंवा चारसहा जणांचा गट स्वतःपुरता गाइड ठरवून शहर पायी पाहायला निघतो तेव्हा तो गाइड नुसते बांधकाम दाखवत नाही. तो साक्ष देत असतो. हे शहर ब्रिटिश राज्यातील उत्तर आयर्लंडमध्ये मोडते, आणि 1613 च्या सनदेने त्याला दिलेले लंडनडेरी हे नाव प्रॉटेस्टंट वस्तीत आवर्जून व कॅथलिक वस्तीत क्वचितच ऐकू येते, एवढे येथे नोंदवून पुढे जाणे बरे.

न्यायमतानुसार शब्द, म्हणजे विश्वसनीय व्यक्तीचे वचन, हे प्रत्यक्ष व अनुमान यांच्यासारखेच स्वतंत्र प्रमाण आहे, आणि अशा विश्वसनीय व्यक्तीला आप्त म्हणतात. भाष्यकार वात्स्यायनाने आप्ताच्या लक्षणात दोनच गोष्टींना महत्त्व दिले: त्याने विषय स्वतः जाणलेला असावा, आणि तो जसा जाणला तसाच सांगण्याची त्याची इच्छा असावी. हे लक्षण ऋषी, आर्य व म्लेच्छ या तिघांना सारखेच लागू पडते असेही त्याने स्पष्ट केले आहे, ही गोष्ट सहसा पुरेशी लक्षात घेतली जात नाही. जन्म, पंथ किंवा पक्ष यांपैकी काहीही त्या लक्षणात येत नाही. इतकेच नव्हे तर सांगणारा तटस्थ असला पाहिजे अशी अटही त्यात नाही. बौद्ध तर्कपंडित दिङ्नागाने आणि वैशेषिकांनी शब्दाला स्वतंत्र प्रमाण न मानता अनुमानात गोवले, म्हणजे वक्त्याच्या विश्वसनीयतेवरून आपण त्याच्या वचनाच्या खरेपणाचे अनुमान करतो असे मानले. अठराव्या शतकात स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम जवळजवळ याच वाटेने गेला, तर त्याचा देशबांधव टॉमस रीड याने उलट असे म्हटले की सांगितलेले खरे मानण्याची प्रवृत्ती माणसात मुळातच असते आणि तिच्यावाचून लहान मूल काहीच शिकू शकणार नाही. परक्या शहरात भाड्याने गाइड घेणारा प्रवासी सकाळी रीडचा शिष्य असतो; दोन परस्परविरोधी हकिकती ऐकून झाल्यावर, संध्याकाळपर्यंत, तो ह्यूमकडे वळलेला असतो.

सहलीचा आरंभ बहुधा तटावरून होतो. लंडनच्या व्यापारी संघांच्या पैशातून 1613 ते 1618 या काळात बांधलेला हा तट सुमारे दीड किलोमीटर घेराचा असून अजून सलग उभा आहे, आणि बिशप, फेरीक्वे, बुचर व शिपक्वे या त्याच्या चार मूळ वेशी आहेत. डिसेंबर 1688 मध्ये कॅथलिक राजा दुसरा जेम्स याची फौज शहरात शिरू पाहत असताना काही उमेदवार कारागीर पोरांनी वेशी बंद केल्या, पुढच्या वर्षी वेढा पडला, आणि 105 दिवस उपासमार व रोगराई सोसल्यावर नदीत आडवा टाकलेला अडसर फोडून धान्याची गलबते आत आली. तटाच्या आत 1633 साली पूर्ण झालेल्या सेंट कोलंब्स कॅथीड्रलच्या प्रवेशमंडपात तोफेचा एक पोकळ गोळा ठेवलेला आहे. त्यात दारू भरलेली नव्हती. वेढा घालणाऱ्यांनी शरणागतीच्या अटींचा कागद त्यात घालून तो गावात फेकला होता. गाइड येथे हमखास थांबतो, आणि थांबणे योग्यच आहे, कारण धातूचा तो जड गोल हाताशी असताना सांगितलेली गोष्ट श्रोत्याला डोळ्यांनी पाहिल्यासारखी वाटू लागते.

वेढ्याच्या हकिकतीचा मुख्य आधार म्हणजे अँग्लिकन धर्मोपदेशक जॉर्ज वॉकर याने 1689 साली छापलेला वृत्तांत. वॉकर वेढ्याच्या काळात शहरात होता, अधिकारपदावर होता, आणि शत्रूपक्षाचा तर मुळीच नव्हता. तेव्हा आप्ताची पहिली अट तो निःसंशय पूर्ण करतो. तरीही दुसऱ्याच वर्षी जॉन मॅकेन्झी या प्रेस्बिटेरियन धर्मोपदेशकाने, जो स्वतःही वेढ्यात अडकलेला होता, वॉकरला खोडून काढणारा वृत्तांत प्रसिद्ध केला. वॉकरने प्रेस्बिटेरियनांच्या, म्हणजे बिशप न मानता वडीलधाऱ्यांच्या सभेमार्फत मंडळी चालवणाऱ्या प्रॉटेस्टंट पंथीयांच्या, पराक्रमाकडे डोळेझाक केली, आणि स्वतःला गव्हर्नर म्हणवणाऱ्या वॉकरकडे वस्तुतः कोठाराची व्यवस्था तेवढी होती, असा मॅकेन्झीचा आरोप होता. दोघे एकाच तटाच्या आत, एकाच शत्रूसमोर, एकच भूक सोसत होते आणि तरी त्यांची साक्ष जुळत नाही. प्रत्यक्षदर्शी असणे आणि आप्त असणे यांत किती अंतर पडते याचे यापेक्षा बोलके उदाहरण शोधूनही सापडणार नाही. पण तटावरच्या सहलींत वॉकर येतो आणि मॅकेन्झी बहुधा गळतो, कारण प्रॉटेस्टंट विरुद्ध कॅथलिक ही सरळ कहाणी प्रॉटेस्टंटांच्या आपसातल्या भांडणापेक्षा दोन तासांत अधिक नीट बसते.

न्यायसूत्रे शब्दाचे दृष्टार्थ व अदृष्टार्थ असे दोन प्रकार करतात. ज्याचा विषय याच जगात पडताळून पाहता येतो तो दृष्टार्थ, आणि ज्याचा विषय इंद्रियांच्या पलीकडचा असतो तो अदृष्टार्थ. अडसर फुटला हे दृष्टार्थ वचन आहे. अडसर ईश्वराच्या कृपेने फुटला हे अदृष्टार्थ. सतराव्या शतकातील प्रॉटेस्टंट मनात ही दोन वचने एकजीव होती. धर्मसुधारणेनंतर मृतांसाठी प्रार्थना करणे या पंथांनी सोडून दिले होते, कारण मृताचा निवाडा ईश्वराने केलेला असतो व जिवंतांच्या विनवणीने तो बदलत नाही असे ते मानत. त्यामुळे वेढ्याचे स्मरण मृतांच्या सद्गतीसाठी न होता सुटकेबद्दल ईश्वराचे आभार मानण्यासाठी होऊ लागले. वेशी बंद झाल्याचा डिसेंबरातला आणि वेढा उठल्याचा ऑगस्टातला दिवस आजही संचलन व उपासना करून पाळला जातो, आणि डिसेंबरात शरणागतीकडे कललेला गव्हर्नर रॉबर्ट लंडी याचा पुतळा जाळला जातो. तटाखालच्या बॉगसाइड या कॅथलिक वस्तीत मात्र मृतांसाठी मिस्सा अर्पण करणे हेच स्मरणाचे मूळ रूप आहे. तेथे मृतांची नावे एकेक करून उच्चारली जातात, कारण जिवंतांचे त्यांच्याशी असलेले नाते संपलेले नाही अशी श्रद्धा त्यामागे आहे. एकाच शहरात स्मरणाच्या या दोन धर्मशास्त्रीय पद्धती नांदत असल्यामुळे तटावरची सहल विजयकथेसारखी ऐकू येते आणि तटाखालची शोकविधीसारखी. हा फरक गाइडच्या स्वभावाचा आहे असे पाहुण्याला वाटते. तो बराचसा उपासनेचा आहे.

तटाखाली 30 जानेवारी 1972 रोजी नागरी हक्कांच्या मोर्चावर ब्रिटिश पॅराशूट रेजिमेंटच्या सैनिकांनी गोळीबार केला. तेरा जण त्या दिवशी मरण पावले आणि एक जखमी काही महिन्यांनी दगावला. या वस्तीतून फिरवणाऱ्यांत मृतांचे आप्तस्वकीयही आहेत, म्हणजे 'आप्त' हा शब्द त्यांना मराठीतल्या नेहमीच्या अर्थानेही लागू होतो. अशा माणसाची साक्ष पक्षपाती, म्हणून कमी वजनाची, असे शिकलेल्या श्रोत्याला सहज वाटते. आणि नेमके तेच वाटणे तपासले पाहिजे. 1972 च्या एप्रिलात ब्रिटिश न्यायाधीश लॉर्ड विजरी यांनी चौकशी करून घाईने दिलेल्या अहवालाने सैनिकांच्या वागण्याची बरीचशी पाठराखण केली. पदाने तटस्थ अशी ती वाणी होती. 1998 साली नेमलेल्या आणि लॉर्ड सॅव्हिल यांच्या अध्यक्षतेखाली चाललेल्या दुसऱ्या चौकशीने नऊशेहून अधिक साक्षीदार तोंडी तपासले, आणि 15 जून 2010 रोजी प्रसिद्ध झालेल्या तिच्या अहवालाने असे ठरवले की ठार वा जखमी झालेल्यांपैकी कोणापासूनही जिवाला धोका नव्हता आणि अनेक सैनिकांनी आपल्या गोळीबाराच्या समर्थनार्थ जाणूनबुजून खोटे सांगितले होते. म्हणजे अडतीस वर्षे ज्यांना दुःखाने आंधळे झालेले म्हणून बाजूला सारले गेले, तेच मुख्य मुद्द्यावर आप्त ठरले, आणि झगा घातलेली तटस्थता ठरली नाही.

मात्र यावरून पीडिताचे प्रत्येक वचन प्रमाण मानावे असे निष्पन्न होत नाही. न्यायसूत्रांत वेदांच्या प्रामाण्यासाठी दिलेला युक्तिवाद असा आहे की मंत्र व आयुर्वेद यांची प्रचीती येते, म्हणून त्याच आप्तांचे प्रचीतीपलीकडचे वचनही मानावे. पडताळता येणाऱ्या भागातला खरेपणा न पडताळता येणाऱ्या भागाला तारण राहतो, असा हा व्यवहार आहे, आणि सहलीत तो पावलोपावली घडतो: गाइडने कोण कोठे पडला ते अचूक दाखवले की गोळीबाराचा कट लंडनमध्ये आधीच शिजला होता हे त्याचे पुढचे वाक्यही श्रोता त्याच विश्वासाने स्वीकारतो. सॅव्हिल अहवालाला अशा कटाचा पुरावा आढळला नाही. सैनिकांना वस्तीत घुसवणाऱ्या कर्नलने वरिष्ठांचा हुकूम मोडला असे त्यात म्हटले आहे. मृतांपैकी एका तरुणाजवळ खिळ्यांचे बॉम्ब बहुधा होते, तथापि तो ते फेकण्याच्या बेतात नव्हता व त्याला मारण्याचे कारणही ते नव्हते, असाही एक निष्कर्ष त्याच अहवालात आहे, आणि तो बॉगसाइडमध्ये कडवटपणे नाकारला जातो. आपल्याला निर्दोष ठरवणारे पान आणि आपल्याला टोचणारे पान एकाच ग्रंथात असेल तर दोन्ही पानांचे नाव घेणे, आणि दुसरे पटत नसेल तर का पटत नाही ते सांगणे, ही वात्स्यायनाच्या दुसऱ्या अटीची खरी परीक्षा होय. जो गाइड हे करतो तो रागाने बोलला तरी आप्त आहे. न्यायालयाची कसोटी आणखी वेगळी असते: 2025 साली बेलफास्टच्या न्यायालयाने एका माजी सैनिकाला खुनाच्या आरोपातून मुक्त केले, कारण त्याच्याविरुद्धची मुख्य साक्ष साथीदारांच्या जुन्या जबान्यांची होती आणि उलटतपासणी न होऊ शकलेल्या अशा जबान्यांवर शिक्षा उभारता येईना. चौकशी, न्यायालय आणि रस्ता हे तिन्ही 'खरे काय' असे विचारतात, पण पुरेसे किती याविषयी त्यांचे एकमत नाही.

खाजगी सहलीचा खरा धोका रागात नाही, सौजन्यात आहे. मोठ्या घोळक्यासमोर बोलणाऱ्याला कोण दुखावेल याचा अंदाज नसतो, म्हणून तो ठरलेले बोलतो. पण एका कुटुंबासाठी पैसे घेऊन चालणाऱ्याला श्रोत्याचे आडनाव, देश आणि चेहऱ्यावरचा भाव पहिल्या वेशीपाशीच कळतो. अमेरिकेतून पूर्वजांच्या शोधात आलेल्याला शौर्याची कथा हवी असते, लंडनहून आलेल्याला शक्यतो अवघडून न टाकणारी, आणि इतर कोणाला दोन्ही बाजूंनी चुका झाल्या असे गुळगुळीत वाक्य, ज्यात ना वॉकर सापडतो ना मॅकेन्झी. मर्जी राखणाऱ्याला विषय माहीत असतो, तो खोटेही बोलत नाही. फक्त जसे जाणले तसे सांगण्याची इच्छा त्याने दिवसापुरती बाजूला ठेवलेली असते. हा दोष पक्षपातापेक्षा ओळखायला कठीण आहे, कारण पक्षपाती माणूस निदान श्रोत्याला विरोध करायला जागा ठेवतो. आणि या दोषात श्रोत्याचा वाटा निम्मा तरी असतो, कारण तटावरचा गाइड घेतलेल्याने तटालगतच्या फाउंटन या छोट्या प्रॉटेस्टंट वस्तीतल्या लोकांना आपण अजून वेढ्यात आहोत असे का वाटते हे विचारलेच नाही, किंवा बॉगसाइडच्या गाइडला आयआरए या सशस्त्र आयरिश संघटनेने मारलेल्यांविषयी विचारले नाही, तर उत्तर न मिळाल्याची तक्रार त्याला करता येत नाही.

1972 साली विशीत असलेले आता सत्तरीपार गेले आहेत, आणि काही वर्षांत बॉगसाइडमध्ये 'मी पाहिले' म्हणणारा गाइड उरणार नाही. तटावरच्या गाइडची ती स्थिती तीनशे वर्षांपासूनच आहे. मग दोन्ही सहली ऐकीव साक्षीच्या, म्हणजे आप्ताचे वचन दुसऱ्याने पोहोचवण्याच्या, पातळीवर येतील, आणि न्यायशास्त्राचा प्रश्नही पालटेल: गाइडने काय पाहिले हा मुद्दा मागे पडून तो कोणाचे सांगतो आहे, आणि त्या माणसाला खोडणारा दुसरा कोण होता, हे तो सांगतो की नाही, एवढेच श्रोत्याला विचारता येईल.